चेलोची जागा कुणी ढापली?

बापू निकम स्टुडिओत कागदांवर बसून जेवत. भाकरी मांडीवर आणि सकाळपासून उतरवलेलं संगीत मांडीखाली. कुणी हसलं तर म्हणत, "इस्वास पानपतात मेला, मास्तर."

बापू व्हायोला वाजवत. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, जरा घोगऱ्या आवाजाचा. आमचे संगीत दिग्दर्शक सगळं व्हायोलिनच्या लिपीत लिहीत. व्हायोला आणि त्याहून मोठ्या, खर्जातल्या चेलोची लिपी वेगळी. ओळीच्या सुरुवातीची खूण बदलली की तोच ठिपका दुसरा सूर होतो. हे उतरवून देण्याचं काम बापूंचं. ती विद्या त्यांनी आम्हा व्हायोलिनवाल्यांना कधी शिकवली नाही. "आज लिपी शिकशिला, उद्या खुर्ची मागशिला."

त्यांचा सर्वात मोठा संशय दत्तोबा चेलोवाल्यावर. दोघं नाटक कंपनीपासून शेजारी बसत आलेले. दत्तोबा नुसता खोकला तरी बापूंना वाटे, हा कुणाला तरी खूण करतोय.

एकदा दत्तोबाचं डाव्या हाताचं बोट मोटारीच्या दारात चेंगरलं आणि नीट वाकेना. दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर बजावलं, "रेकॉर्डिंगला चेलो अडखळला, तर मुंबईहून माणूस आणीन." दत्तोबाचं घर त्या चेलोवर चालत होतं.

त्या गाण्याचे कागद बापू जरा जास्तच उत्साहानं उतरवायला बसले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, हा आता दत्तोबाचा काटा काढणार.

रेकॉर्डिंग सुरू झालं. दत्तोबाच्या वाट्याला नुसते लांब, संथ सूर. चेलोची अवघड, धावती जागा आली ती बापूंच्या व्हायोलातून. दिग्दर्शकांनी चमकून मान वर केली, पण कानाला गोड लागलं असावं, गाणं थांबवलं नाही.

दत्तोबा मात्र भडकला. "माझी जागा ढापलीस व्हय?"

"ढापली की. तुला दिली असती तर सांजच्याला दुसऱ्या स्टुडिओत इकली असतीस."

"चोर हाईस तू."

"हाय."

दत्तोबा शिव्या घालत चहाला गेला. मुंबईच्या माणसाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी बापूंना कोपऱ्यात गाठलं. "त्याचं बोट चालत नाही, म्हणून केलंत ना हे?"

बापूंनी आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीकडं. "कुनाला बोलू नगा. त्याला चोरी चालंल, कीव चालायची न्हाय."

मी न राहवून विचारलं, "पण बापू, तुमचा तर त्याच्यावर काडीचा विश्वास नाही."

बापू व्हायोला पुसत राहिले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

"घरात नुसत्या भिंती हायत, मास्तर," ते म्हणाले. "दिसभर ह्याच्यावर डोळा ठेवतो, म्हणून दीस जातोय. हा गेल्यावर मी संशय तरी कुनावर घ्यायचा?"