लतीफभाईंचा कान

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या बेअरिंगवर, लाकडी मूठ कानाला, डोळे मिटलेले. कुणी जवळ गेलं की लतीफभाई डाफरायचे, "चूप! बाई बोलून राह्यली."

बाई म्हणजे मूल गावातल्या आमच्या राइस मिलमधला म्हातारा हलर, धान सोलणारा. लतीफभाई फिटर, मी मॅनेजर. प्रत्येक मशीनच्या तपासणीचा वार त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलेला. शेठजी करवादायचे, "चालू मशीन बंद काऊन करता?"

"बंद पडल्यावर थे सोताच सांगते, शेठजी. मंग मी कायले पायजे?"

मुलीच्या लग्नाची तारीखही त्यांनी बाईचा वार टाळून धरली. व्याही अजून हसतात.

आता मात्र सांगतोच. एका हंगामात धानाचे ट्रक दारात उभे होते. बाईची तपासणी मी पुढे ढकलली आणि रजिस्टरात 'तपासणी झाली' लिहून सही ठोकली. तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाम, पट्टा तुटला, मिल चार दिवस बंद.

शेठजींनी विचारलं, "तपासलं कोणं?"

लतीफभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "मीनं. माह्याच कानाले ऐकू नाई आलं."

ज्या कानाचा त्यांना एवढा तोरा, तोच! पुढे हमाल विचारायचे, "चाचा, कानाले ग्रीस लावलं का?" ते सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. मी गप्प राहिलो. अनेक वर्षं.

तेव्हापासून दर गुरुवारी ते दोन चहा घेऊन माझ्या केबिनीत यायचे. "झोप लागते ना, साहेब?" मला वाटायचं, टोचायला येतात. मी कागदांत डोकं घालून बसायचो.

शेवटी बाई भंगारात गेली, नवं मशीन आलं, लतीफभाई निवृत्त झाले. भिंत रंगवायची म्हणून त्यांचं कॅलेंडर मी उतरवलं. सोमवार, पॉलिशर. मंगळवार, बाई. गुरुवार, 'मॅनेजर साहेब. आवाज बदलला. दर हप्त्याले पाहणे.'

शेठजींना त्याच दिवशी सगळं सांगितलं. गुरुवारी चहाचा थर्मास घेऊन लतीफभाईंच्या घरी गेलो. बायको कधीच गेलेली, मुलगी चंद्रपूरला. भिंतीवर नवं कॅलेंडर, सगळे वार कोरे. फक्त गुरुवारांवर गोल.

तिपाईवर दोन कप पालथे घातलेले होते. एक सुलटा करत ते म्हणाले, "लय दिवस लावले, साहेब. बसा. बोला आता."