छत्री उघडी ठेवा

सर्वप्रथम माझ्याविषयी. उगाच विनय नको, त्यात वेळ जातो. निरीक्षणशक्तीत माझा हात धरणारा या बंदरात कोणी नाही, आणि जो धरायला येईल तो काल काय जेवला हे मी त्याच्या बोटांवरून सांगेन. आजवर मी सतरा प्रकरणं हाताळली. त्यांतली सुटली किती, हा खोचक प्रश्न फक्त माझी बायको विचारते. ती माझी सहायक आहे.

अठरावं प्रकरण स्वतःच्या पायांनी घरी आलं. पलीकडच्या बेटावर माणसं नेणाऱ्या लाँचचा कप्तान दारात उभा होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याने बोटीवर जीपीएस बसवून घेतलं होतं. पहिल्या दिवशी पडद्यावर अकरा उपग्रह दिसले, दुसऱ्या दिवसापासून जेमतेम तीन. बोट धक्क्याला बांधलेली असायची आणि पडदा ती डोंगरावर दाखवायचा. आज चार वाजता तपासनीस येणार होता. बोट जागेवर दिसली नाही तर परवाना रद्द, आणि कप्तान पुन्हा मेव्हण्याच्या बर्फाच्या कारखान्यात.

"बारा वर्षं काढलीत तिथे, साहेब," तो म्हणाला. "परत नाही जायचं मला."

मी लगेच टोपी घातली.

बोटीवर त्याच्या आई रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना तत्काळ संशयितांच्या यादीत घातलं. केबिनच्या टपावर, मागच्या दांडीला एक भलीमोठी, आतून चंदेरी अस्तर लावलेली छत्री उघडून बांधली होती. पाहुण्यांची इतकी काळजी मी कुठल्याच बोटीवर पाहिली नव्हती. तिच्या सावलीत खुर्ची टाकून मी विचाराला बसलो. बायको खाली पडद्यापाशी थांबली आणि दर पाच मिनिटांनी आकडा सांगू लागली.

पहिला संशय घातपाताचा. शेजारच्या बोटीवर रेडिओ मोठ्याने वाजत होता, म्हणजे हे सरळसरळ लहरींचं युद्ध होतं. तो बंद करायला लावला.

"तीनच," बायको म्हणाली.

मग माझा संशय लोखंडावर गेला. कप्तानाने बादल्या, साखळ्या, शेगडी, एवढंच काय नांगरसुद्धा धक्क्यावर उतरवला.

"तीनच. आणि आता चहाही नाही."

पुढचा तर्क जरा खोल होता. उपग्रह म्हणजे शेवटी ग्रहांच्या हाताखालचा कर्मचारीवर्ग, त्यांना दिशा पाळावी लागत असणार. मी बोटीचं तोंड फिरवायला लावलं, तर तिनाचे दोन झाले. उपग्रहांचं राहू दे, तुमच्या पूर्वग्रहांचं काय करायचं, असं बायकोने खालून विचारलं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

पावणेचार वाजले. कप्तान बाहीने पडदा पुन्हा पुन्हा पुसत होता. बसवणाऱ्याने काही सूचना दिली होती का, असं बायकोने त्याला विचारलं. हा प्रश्न माझ्या यादीत एकतिसावा होता. त्याने पडद्याशेजारी चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'छत्री कायम उघडी ठेवा.'

"एक दिवस मिटलेली नाही," कप्तान म्हणाला. "त्याच संध्याकाळी बांधली. घरात एकच छत्री, आईची. तीन आठवडे ती उन्हातून बाजाराला जातेय."

त्याच क्षणी मला सत्य उमगलं. तार उंदराने कुरतडली होती. हे जाहीर करायला मी खुर्चीवरून उठलो, तशा त्याच्या आई चटकन पायऱ्या चढून वर आल्या, दोरी सोडली, छत्री खांद्यावर घेतली आणि बाजार उठायच्या आत जाऊन येते म्हणून चालू लागल्या. दांडीच्या टोकावर मुठीएवढा पांढरा गोळा तेवढा उरला.

"चार," खालून बायको म्हणाली. "सात. अहो, अकरा."

तिने तिथूनच बसवणाऱ्याला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ हसत होता. तो पांढरा गोळा म्हणजे उपग्रहांचे संदेश पकडणारा अँटेना. तो कुत्र्याच्या छत्रीसारखा दिसतो, म्हणून त्यांच्या धंद्यात त्यालाच छत्री म्हणतात. तिच्यावर काही झाकू नका, आभाळ मोकळं असू द्या, एवढंच त्याला सांगायचं होतं. आणि इथे कप्तानाने इमानेइतबारे तिच्यावर चंदेरी अस्तर पसरलं होतं.

तपासनीस आला, पडद्यावर बोट धक्क्यालाच बांधलेली पाहिली आणि शिक्का मारून गेला. कप्तान धक्क्यावरच्या नांगराला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मलाही जरा भरून आलं.

त्याच्या आई भाजी घेऊन परतल्या, तेव्हा मी त्यांना नम्रपणे सांगितलं की प्रकरण सुटलं, आणि ते माझ्यामुळे.

"तर काय," त्या म्हणाल्या. "एक वाजल्यापासून वाट बघत होते. आज म्हटलं काही झालं तरी छत्री न्यायचीच. पण पाहुणा सावलीत बसलेला, त्याला ऊठ कसं म्हणायचं?"

घरी येऊन मी वहीत नोंद केली, 'निर्णायक क्षणी मी उठलो.'

सकाळी पाहिलं तर खाली बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पावणेतीन तास उशिरा.'