मथुराबाईंचे बेसणे

बडोद्याच्या पाणीगेट भागातल्या अभ्यासिकेला विद्यापीठाने कुलूप लावले, तेव्हा विद्यार्थी संघाची सचिव दुर्गा हिने आधी अर्ज दिला, मग सह्या गोळा केल्या, मग घोषणा दिल्या. कशाचाही उपयोग झाला नाही. अभ्यासिका म्हणजे विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीतली तळमजल्यावरची खोली. संघाची मुले तिथे रोज संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घेत. आता तिथे मोडकी बाके ठेवायची होती. किल्ली मालमत्ता अधिकारी जयवंतरावांच्या खिशात होती आणि बाके सोमवारी येणार होती.

"घोषणा दिल्या की ते खिडकी लावून घेतात," दुर्गा म्हणाली. "वस्तीतले लोक पण येत नाहीत. म्हणतात, हे तुमचं कॉलेजचं भांडण."

"मग बेसणं ठेवू," हेरंब म्हणाला. संघाची पोस्टर तोच करायचा. "बेसण्याला सगळं बडोदं येतं."

"कुणाचं बेसणं?"

"अभ्यासिकेचं. गेली ना बिचारी."

दुर्गाला कल्पना पटली. बडोद्यात माणूस गेले की बेसणे ठेवतात. फोटोला हार घालतात, खाली पांढऱ्या चादरी टाकतात, हळू आवाजात भजन लावतात. लोक पांढरे कपडे घालून येतात, फोटोला हात जोडतात, थोडा वेळ गप्प बसतात, घरच्यांना हात जोडतात आणि निघतात. चहा नसतो, भाषण नसते. पेपरवाला मात्र फोटो नक्की काढेल, असे दुर्गाला वाटले.

"पण फोटो बंद दाराचा नको," हेरंब म्हणाला. "दाराला कोण हात जोडणार? चेहरा पाहिजे. आणि नाव."

त्याने कॉम्प्युटरला सांगून एक म्हातारी बनवली. साधी साडी, मोठे कुंकू, हनुवटीवर तीळ. नाव ठेवले मथुराबाई. फोनवर सगळीकडे पाठवले: पाणीगेटच्या मुलांवर माया करणाऱ्या मथुराबाई आपल्यातून गेल्या, बेसणे शनिवारी पाच ते सात. खाली बारीक अक्षरात लिहिले, 'मथुराबाई म्हणजे आमची बंद केलेली अभ्यासिका.'

वेळ आणि जागा कळली की माणूस खालचे वाचत नाही, हे दोघांच्या लक्षात आले नाही. त्या दोघांच्या घरचे कुणी अजून गेले नव्हते.

शनिवारी पाचच्या आधीच पायऱ्यांवर चपला जमायला लागल्या. दुर्गाने संघाची दहा-बारा मुले बोलावली होती. त्यांना उभे राहायला जागा उरली नाही. कुलूप लावलेल्या दारासमोरच्या ओसरीत फोटो ठेवला होता आणि बाजूला घरच्यांसाठी ठेवतात तशी एक खुर्ची. हेरंबच्या फोनवर भजन चालू होते. थंडीचे दिवस होते, उजेड लवकर जात होता आणि ओसरीतला दिवा पिवळा होता.

पहिला आला तो कोपऱ्यावरचा फरसाणवाला. त्याने फोटोला हात जोडले आणि दुर्गाकडे वळला.

"बहु खोटुं थयुं, बेन, फार वाईट झालं. मथुराबेन बहु सारां हतां. उभ्या उभ्याच गाठिया घ्यायच्या. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत."

"काका, तुम्ही खाली वाचलं नाही का? मथुराबाई म्हणजे ही आमची..."

"रडी ले, बेटा," तो म्हणाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून चादरीवर जाऊन बसला.

मग अलकापुरीच्या शाळेतल्या सुनंदाबाई आल्या. "किती ताठ बसायच्या हो. पाठ टेकलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही."

थोड्या वेळाने एक रिक्षावाला आला. तो सुनंदाबाईंशी एक शब्दही बोलला नव्हता. "या बाई माझ्या रिक्षात बसायच्या," तो म्हणाला. "पाठ नाही टेकायच्या. मी म्हणायचो, मावशी, सीट आपलीच आहे."

हेरंबने दुर्गाला बाजूला ओढले. "मी ताठ वगैरे काही सांगितलं नव्हतं. नुसतं प्रेमळ सांगितलं होतं."

"मग यांना कुठून कळलं?"

"मला काय विचारतेस?"

तेवढ्यात सुनंदाबाईंनी चष्मा सारखा करून फोटोकडे नीट पाहिले. "कुंकू आहे. म्हणजे यजमान आहेत ना? कुठे आहेत?"

चादरीवर कुजबूज सुरू झाली. यजमान कुठे आहेत? घरचं कुणीच कसं नाही? बाई आयुष्यभर लोकांच्या पोरांसाठी खपली आणि आज फोटोपाशी कुणी नाही? फरसाणवाल्याने दुर्गाकडे असे पाहिले, जणू मथुराबाईंना तिनेच उपाशी ठेवले होते.

"ते... ते येतीलच," दुर्गा म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळले नाही.

ती वळली तर खुर्चीत एक माणूस बसलेला होता.

सत्तरीचा असेल. पांढरा सदरा. इस्त्री फक्त कॉलरला होती. लोक त्याच्यापुढे हात जोडत होते आणि तोही जोडत होता.

"कशा गेल्या हो?"

"झोपेत. मी चहा घेऊन गेलो तर गेलेली."

"काही दुखणं?"

"बोलली नाही. बोलायचीच नाही ती. गाडीत सुद्धा पाठ टेकायची नाही."

हेरंबने दुर्गाचा दंड धरला. दुर्गाने त्याचा धरला.

सहा वाजून गेल्यावर जयवंतराव आले. कडक पांढरा कुडता, हातात मोगऱ्याची फुले. बडोद्यातल्या कुठल्याही बेसण्याला गेले नाही तर आपल्या घराण्याला कमीपणा येतो, असे ते मानत. त्यांनी डोळे मिटून फोटोसमोर मान वाकवली.

"मथुराबाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "आमच्या मातोश्रींच्या मैत्रीण. नेहमीचं येणं-जाणं. मला मांडीवर खेळवलंय त्यांनी."

डोळे उघडल्यावर त्यांना दार दिसले, आणि दारावर स्वतःच लावलेले कुलूप.

"इथे का ठेवलंय बेसणं?"

"त्यांचा सगळा जीव या खोलीत होता, सर," दुर्गा म्हणाली. हे खोटे नव्हते.

"खोली बंद केली त्याच्याच धसक्यानं गेल्या असणार," सुनंदाबाई म्हणाल्या.

"कुणी केली बंद?" रिक्षावाल्याने विचारले.

सगळी पांढरी माणसे जयवंतरावांकडे बघायला लागली. जयवंतरावांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"मी मीटिंगमध्ये विषय ठेवतो," ते खुर्चीतल्या माणसाला म्हणाले. "सोमवारची बाकं तेवढी येऊन जाऊ देत. मग बघू. तुम्ही काळजी करू नका."

"ती करायची काळजी," तो माणूस म्हणाला. "मी कधी केली नाही."

दुर्गाला कळले, खोली गेली. मीटिंगमध्ये ठेवलेला विषय परत बाहेर आलेला तिने कधी पाहिला नव्हता.

आणि तेव्हाच पायऱ्यांवर मथुराबाई आल्या.

तेच मोठे कुंकू. तोच चेहरा, हनुवटीवरच्या तिळासकट. त्यांनी चपला काढून नीट जोडून ठेवल्या. हेरंबच्या हातून फोन पडला आणि भजन थांबले. त्या शांततेत त्या हळूहळू पुढे आल्या. लोकांनी पाय आवरून वाट दिली. मथुराबाईंनी आपल्या फोटोला हात जोडले. जयवंतरावांच्या हातातले एक फूल उचलून फोटोपुढे ठेवले. मग चादरीवर बसल्या. भिंत मागेच होती, पण पाठ टेकली नाही.

"काकू..." जयवंतराव एक पाऊल मागे सरले.

बाईंनी मान वळवली. "मी नाही ओळखलं, भाऊ. तुम्ही ओळखता का मला?"

आत्ताच मांडीवर खेळून झालेल्या जयवंतरावांनी खिशातली किल्ली काढली आणि फुलांच्या ताटलीत टाकली.

"खोली तुमचीच आहे, काकू. मुलांनाच राहील, कायमची. सगळ्यांच्या देखत सांगतो. बाकं नाही, काही नाही." ते उलट्या पावलांनी पायऱ्यांपर्यंत गेले आणि सापडल्या त्या चपला घालून निघून गेले. एक काळी होती, एक तपकिरी.

त्यांच्यामागे बाकीचेही उठले. कुणी धावले नाही, पण कुणी मागे वळूनही पाहिले नाही.

दुर्गा धीर करून बाईंच्या समोर बसली. "आजी, तुम्ही कुठल्या?"

"मागच्या बोळातली गं. डोळ्याच्या डॉक्टरकडून येत होते. बेसणं दिसलं. दिसल्यावर तसंच पुढे जाऊ नये."

"फोटोतल्या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत?"

बाईंनी डोळे बारीक करून फोटोकडे पाहिले. "नाही बाई. डोळ्यात थेंब घातलेत, सगळं धुरकट दिसतंय. पण तोंडावरून खाष्ट वाटते."

"मी प्रेमळ सांगितलं होतं," हेरंब पुटपुटला.

बाई उठल्या. खुर्चीपाशी थांबल्या. "किती वर्षांचा संसार, भाऊ?"

"कमी पडला," तो माणूस म्हणाला.

"पडतोच," त्या म्हणाल्या आणि चपला घालून बोळाकडे गेल्या.

ओसरीत तिघेच उरले. दुर्गाने ताटलीतून किल्ली उचलली. मग खुर्चीजवळ गेली.

"काका, तुम्ही कोण?"

"जनार्दन. तिकडे समा भागात राहतो. रेल्वेत होतो."

"मथुराबाईंना ओळखत होता?"

"नाही." त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. "मी बेसण्यांना जातो. संध्याकाळी घरी काय करायचं? इथे आलो तर खुर्ची रिकामी. फोटो असा एकटा ठेवू नये, म्हणून बसलो. लोक हात जोडायला लागले. कशी गेली विचारायला लागले. मग सांगितलं."

"पण ते सगळं..."

"खोटं काही सांगितलं नाही. माझीच सांगितली. वसुंधरा."

हेरंब अजून बोळाकडे बघत होता. "काका, तुम्ही पाहिलं ना? त्या आजी हुबेहूब फोटोतल्याच होत्या."

जनार्दनकाकांनी फोटोकडे बराच वेळ पाहिले. "छे. कुठे? ही वसुंधरा आहे. आलो तेव्हा नव्हती. पण मघाशी ते पाठ टेकण्याचं बोलणं झालं, तेव्हापासून आहे."

"काका, तो मी कॉम्प्युटरवर बनवलाय. अशी बाई या जगातच नाही."

"तेच ना," काका म्हणाले.

दुर्गाने कुलूप काढले. दार उघडले तसा आतला कोंदट वास बाहेर आला. आत दिवा लागलेला दिसताच समोरच्या गल्लीतून पोरे दप्तरे घेऊन धावत आली, आणि कुठले गणित अडले आहे ते सगळी एकदमच सांगायला लागली.

दुर्गाने फोटोवरचा हार काढला. फोटो गुंडाळायला घेतला आणि थांबली. वाकून चेहऱ्याकडे पाहिले. तो खाष्ट नव्हता, प्रेमळही नव्हता. कुणाची तरी वाट बघत बसलेल्या बाईचा होता. तिने तो गुंडाळला नाही.

"काका," तिने विचारले, "कुठे लावू?"

"दाराकडे तोंड करून लाव," जनार्दनकाका म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं, बघायची सवय आहे तिला."

हेरंब खिळा शोधायला गेला.