एकशे चौसष्ट गोळ्या

आधीच सांगून ठेवतो, मेमरीच्या बाबतीत अख्ख्या लातूर जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नाही! डाळ मिलच्या यंत्रांना लागणारे छोटे कंट्रोल बोर्ड मी बनवतो. त्यातली चिप नखाएवढी आणि तिची मेमरी महाकंजूष. बाकीचे प्रोग्रामर कुठला आकडा मेमरीत कुठं बसवायचा ते कंपायलर नावाच्या सॉफ्टवेअरवर सोडून मोकळे होतात. मी नाही सोडत! कुठल्या व्हेरिएबलनं, म्हणजे कुठल्या आकड्यानं, मेमरीच्या कुठल्या घरात राहायचं, शेजारी कोण, मध्ये जागा किती, सगळं मी ठरवतो. मोकळी जागा शून्य! बाजाराच्या दिवशी मुखेडच्या एसटीत माणसं बसतात, तसे माझे आकडे मांडीला मांडी लावून बसलेले असतात.

तर गौरम्मा बाई. शिरूर अनंतपाळच्या शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. आता वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या. मुलगा आनंदराज हैदराबादला. त्याचा रोजचा धोशा, "आई, तू बीपीची गोळी विसरतेस, इकडं ये." बाईंचं रोजचं उत्तर, "येत नाही."

एकदा हे माझ्यासमोरच फोनवर चाललं होतं. मी छाती पुढं काढली.

"बाई, मी डबी बनवून देतो! सात दिवसांच्या सात गोळ्या. सकाळी आठला घंटा वाजेल. झाकण उघडलं की गप्प. नाही उघडलं, तर किती गोळ्या चुकल्या त्याचा मेसेज आनंदराजला आणि मला."

फोनमधून आनंदराज म्हणाला, "चालेल, महिनाभर बघू. पण एक जरी गोळी चुकली ना हारिस, गाडी घेऊन येणार आणि आईला घेऊन जाणार!"

रविवारी डबी घेऊन गेलो. बाईंनी चष्मा लावला. डबीच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत त्यांचं नाव.

"हारिस, हे काय आहे?"

"तुमचं नाव, बाई."

"कुठल्या भाषेत?"

मी मान खाली घातली. पाचवीत घालायचो तशीच! तिथंच लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटांत पडद्यावर आलं, ‘गौरम्मा’. बाईंनी त्याच्यावरून हळूच बोट फिरवलं.

"रिटायर झाल्यापासून माझं नाव कुठं लिहिलेलं बघितलंच नाही रे. लाइटबिलसुद्धा अजून ह्यांच्याच नावानं येतं."

उद्या आठपासून डबी चालू होईल असं लावून मी लातूरला परतलो. गाडी रस्त्यावर होती, मी हवेत होतो!

सोमवारी आठला घंटा वाजली. बाईंनी झाकण उघडलं, गोळी घेतली. डबी गप्प. नऊला पुन्हा घंटा! बाईंनी झाकण उघडून लावलं. दहाला पुन्हा! बाईंनी डबी चादरीत गुंडाळून ज्वारीच्या डब्यात ठेवली. डबी ज्वारीतून ओरडू लागली.

आणि नऊपासून दर घंटेला मेसेज जात होता, ‘गौरम्मा: १६४ गोळ्या चुकल्या.’

मी डाळ मिलमध्ये. तिथं माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, खिशातला फोन कुठून येणार! तिकडं आनंदराजची धांदल. आई फोन उचलेना, कारण आई ज्वारीच्या डब्यापाशी. मग त्यानं शेजारच्या पारूबाईंना फोन लावला.

"मावशी, आईच्या एकशे चौसष्ट गोळ्या..."

आणि रेंज गेली. उरलेलं वाक्य पारूबाईंनी स्वतः पूर्ण केलं.

"अवो या की कुणी! बाईनं एकशे चौसष्ट गोळ्या खाल्ल्या!"

गल्ली जमली. बाई म्हणाल्या, "अगं पारू, एकच घेतली!"

"आसंच वाटतंय त्यांना! भान न्हाई राह्यलं! लई वंगाळ झालं!"

बाईंना खुर्चीसकट उचललं आणि ऑटोत घातलं. पुरावा म्हणून डबीही घेतली.

अकराला मी मिलबाहेर आलो. मेसेज तीन, आनंदराजचे मिस्ड कॉल एकोणीस. मोटारसायकल कशी चालवली, मला आठवत नाही.

दवाखान्यात बाई कॉटवर बसल्या होत्या. डॉक्टर लायबा बीपी बघत होत्या.

"एकशे वीस, ऐंशी. एकदम ठीक आहेत. मला एक सांगा, सात गोळ्यांच्या डबीतून एकशे चौसष्ट आल्या कुठून?"

एवढ्यात बारा वाजले आणि पारूबाईंच्या मांडीवर डबी वाजली. पारूबाई टुणकन उडाल्या!

बाईंना हसू आलं नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आनंदचा फोन आला होता. निघालाय तो. बॅग भरून ठेव म्हणाला." पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणाऱ्या बाई एवढ्याशा दिसत होत्या.

मी तिथंच लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांत चूक सापडली, आणि घाम फुटला.

"काय झालं? मला समजेल असं सांग," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्या नावाला मी मेमरीत सोळा घरं दिली होती. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं. मराठीत काना, मात्रा, जोडाक्षराची खूण, सगळं वेगळं मोजतात आणि प्रत्येकाला तीन घरं लागतात. ‘गौरम्मा’चे असे सात तुकडे होतात."

"सात त्रिक एकवीस. सोळात एकवीस कसे मावतील रे?"

"नाही मावले. उरलेलं नाव शेजारच्या घरात घुसलं. तिथं मी चुकलेल्या गोळ्यांचा आकडा ठेवला होता, अगदी खेटून. ‘म्मा’तला थोडा भाग तिथं जाऊन बसला, तो डबीला एकशे चौसष्ट दिसला, म्हणून ती वाजली आणि मेसेज गेला. झाकण उघडलं की आकडा शून्य व्हायचा. पण दर तासाला डबी नाव नव्यानं लिहायची, की पुन्हा तेच."

"म्हणजे मी काही विसरले नाही?"

"नाही बाई. मी विसरलो. नाव मराठीत केल्यावर तपासलंच नाही."

मग मी आनंदराजला फोन लावून सगळ्यांसमोर स्पीकरवर टाकला. तो झहीराबादला पोचला होता.

"आनंदराज, आईनं गोळी बरोबर आठला घेतली. गाढवपणा माझा हाय. शिव्या मला दे, त्यांना नेऊ नको."

पलीकडं गाडी कडेला थांबल्याचा आवाज आला.

"आई, तू खरंच बरी आहेस?"

"बरी आहे रे. डबीनं सकाळपासून एवढी हाक मारली, तेवढी तू महिन्यात मारत नाहीस."

आनंदराज म्हणाला, "निम्म्यावर आलोच आहे तर जेवायलाच येतो. बॅग राहू दे."

पारूबाईंनी डोळे पुसले आणि भाकरी थापायला पळाल्या. मी तिथंच बाईंच्या नावाला चौसष्ट घरं दिली. पुढंमागं भरपूर मोकळी जागा! काटकसर गेली खड्ड्यात.

निघणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "लायबा, ह्याला बघ गं जरा. केवढा घामेघूम झालाय." डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि भुवया वर केल्या.

एकशे सत्तर, एकशे पाच! पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीनदा मोजलं. उतरायचं नाव नाही!

तेव्हापासून मलाही रोज एक गोळी सुरू आहे. डबीबिबी काही बनवत बसलो नाही. सकाळी आठला बाई स्वतःची गोळी घेतात आणि मला फोन करतात.

"घेतली का रे?"

"हो बाई, केव्हाच!" मी म्हणतो, फोन ठेवतो, आणि उठून गोळी शोधायला लागतो.