जावयाच्या नावावर

पुण्याच्या कंपनीतून आलेलं पाकीट राधाकृष्णाने चहा पिता पिता फोडलं, आणि बशीतला चहा बशीतच राहिला. आत नगरच्या लॉजचं बिल होतं. दोन खोल्या, महिनाभरात मिळून सहा मुक्काम, दोन्ही वेळची ताटं, शिवाय रोज रात्री गरम दूध. बिलाला टाचलेल्या कागदावर डुंबरे साहेबांनी लिहिलं होतं, 'या दिवसांत आपण राजूरकडे होतात, असे आपणच कळवले आहे. शिवाय एका माणसाला दोन खोल्या कशा लागतात, हे समजत नाही. गुरुवारी नगरला येत आहे. लॉजवर भेटावे.'

राधाकृष्ण ऑइल इंजिनं विकणाऱ्या कंपनीचा फिरता माणूस. राहायला श्रीगोंद्याला आणि फिरायला सगळा नगर जिल्हा. कंपनीने त्याला एक जाड पुठ्ठ्याचं, शिक्का मारलेलं कार्ड दिलं होतं. नगरच्या त्या एका लॉजवर ते दाखवलं की खिशात हात घालावा लागत नसे. बिल परस्पर पुण्याला जाई. एकाहत्तर सालात असं कार्ड बाळगणारा श्रीगोंद्यात दुसरा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट राधाकृष्णाने श्रीगोंद्यात बहुतेकांना सांगितली होती.

त्याने घाईने कोटाचा खिसा चाचपला. कार्ड जागेवर होतं. म्हणजे कार्ड इथे, आपण राजूरला आणि नगरात कुणीतरी आपल्या नावावर जेवतंय.

एवढ्यात बायकोने, पुष्पावतीने, मागून बिल वाचलं.

"दूध कोण पितं?" तिने विचारलं.

"मी दूध पीत नाही. तुला माहीत आहे."

"म्हणूनच विचारते."

"अगं, मी राजूरला होतो."

"असाल. पण मग दुसऱ्या खोलीत कोण होतं?"

"पहिल्या खोलीतच मी नव्हतो, तर दुसऱ्या खोलीतलं मला काय माहीत?"

उत्तर खरं होतं, पण ऐकायला फार वाईट लागलं. पुष्पावतीने गार झालेला चहा नेऊन मोरीत ओतला आणि परत येऊन सांगितलं, "गुरुवारी मीपण येते नगरला."

गुरुवारी दोघं सकाळच्या एसटीने निघाली. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. नोकरी जाईल ही एक भीती होतीच. पण साहेबाला निदान काहीतरी सांगता येईल. हिला काय सांगायचं, हे त्याला घोडेगावच्या म्हणा की राजूरच्या म्हणा, कुठल्याच गिऱ्हाइकाने शिकवलं नव्हतं. साहेबांची गाडी यायला अवकाश होता. तेवढ्यात लॉजमालकाला गाठून भामटा कोण ते शोधायचं, असं त्याने ठरवलं होतं.

लॉज स्टँडाच्या मागेच होतं. मालक आमोस गल्ल्यावर बसला होता. राधाकृष्णाला बघताच तो उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत तो कधी उठला नव्हता.

"या, या. तुमची मानसं आतच हायत."

"माझी कुठली माणसं?"

"घरचीच की. लई खमकी बाई हाय बगा. आली त्या दिवशी आमच्या आचाऱ्याला म्हनली, ही आमटी हाय का हात धुतलेलं पानी? गेली चुलीपाशी, पदर खोचला आन सोता फोडनी दिली. आता गिऱ्हाईक आधी विचारतं, बाई हायत का? हायत म्हनलं तरच बसतं. गाद्या उन्हात घातल्या तिनं. ढेकूण गेलं. तुमी नशीबवान."

आमोस जसजसा बाईची तारीफ करत गेला, तसतसा पुष्पावतीचा चेहरा दगड होत गेला.

"दिसायला कशी आहे?" तिने विचारलं.

"उंच हाय. गोरी. आवाज खनखनीत."

"वय?"

"साठीच्या फुडं आसंल."

पुष्पावतीच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थांबला आणि तिथे वेगळीच शंका आली. इतक्यात आतून आवाज आला, "आमोस, हळद सपली रं."

"आई," पुष्पावती म्हणाली.

हात पदराला पुसत गोजरबाई बाहेर आल्या. लेक-जावयाला एकदम समोर बघून त्यांना आनंद झाला; दुसरं काही झाल्याचं दिसलं नाही. "बरं झालं आलात. जेवनार ना?"

"मामी, तुम्ही इथे कशा?" राधाकृष्णाने विचारलं.

"कोर्टात तारीख आसती न्हवं? उद्या बी हाय. बांधाचा दावा. कोल्हारवरनं सकाळी निघावं तर गाडी येळंवर येत न्हाई. म्हून आदल्या दिशी यिऊन ऱ्हाते."

"आणि दुसरी खोली?"

"ती भीमाभाऊजींची."

पुष्पावतीने कपाळाला हात लावला. भीमाभाऊजी म्हणजे तिचे सख्खे काका. बांधाचा दावा त्यांच्याच विरुद्ध चालला होता.

"आई, ज्याच्यावर दावा लावला त्यालाच तू जेवायला घालतेस?"

"मंग काय स्टँडावर झोपवू? भांडान बांधाचं हाय, पोटाचं न्हाई. आन त्येंना रातच्याला दूध लागतं. ते न्हाई प्यालं तर सकाळी कोर्टात उभं राहवत न्हाई त्येंच्यानं. मंग तारीख वाया जाती."

राधाकृष्ण बाकावर बसला. "पण मामी, माझ्या नावावर?"

"तुमीच म्हनला हुता. गेल्या साली डोळं तपासाया आनलं तवा हितंच उतरलो. पैसं दिलं न्हाईत. मी इचारलं, तर म्हनलात, मामी, नगरात आपलं नुसतं नाव सांगायचं. मी सांगितलं."

हे वाक्य आपण कोणत्या ऐटीत बोललो होतो, ते राधाकृष्णाला लख्ख आठवलं. आता ते परत घेण्याची सोय नव्हती. तो हळूच म्हणाला, "मामी, ते बिल कंपनीला जातं."

"आसं व्हय? मला वाटलं तुमच्या खिशातनं जातंय. म्हून मी दुसरी भाजी घेत न्हवते."

पुष्पावतीला हसू फुटलं. चार दिवसांनी पहिल्यांदा ती त्याच्याकडे नीट बघत होती. "काय सांगणार साहेबांना?" तिने विचारलं.

"खरं आहे ते. आणि पैसे मी भरतो म्हणतो. ठेवलं तर ठेवतील कामावर."

"माझ्या पाटल्या आहेत," ती म्हणाली.

तो साहेबांना उतरवून घ्यायला स्टँडावर गेला. पुण्याची गाडी आली, रिकामी झाली, दुसरी आली, तीही रिकामी झाली. साहेब कुठल्याच गाडीत नव्हते. घामाघूम होऊन तो मागच्या दाराने लॉजवर परतला, तर दारातच पुष्पावतीने ओठावर बोट ठेवलं. साहेब कंपनीच्या जीपने येऊन केव्हाच ओसरीवर बसले होते. आपण कोण हे त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं; पण जीपवरचं कंपनीचं नाव पुष्पावतीने वाचलं होतं. समोर गोजरबाई लसूण सोलत होत्या आणि शेजारी भीमाभाऊजी पान जमवत होते.

"गाव कोन्चं म्हनायचं?" गोजरबाई विचारत होत्या.

"ओतूर."

"जमीन हाय?"

"आहे. भाऊ बघतो."

"हिरीवर इंजिन कोन्चं?"

डुंबरे साहेब घुटमळले. "आहे एक."

"एक म्हंजी? बैलाला बी नाव आसतं."

साहेबांनी इकडेतिकडे बघून नाव सांगितलं. ते ऐकून दाराआड राधाकृष्णाच्या कानात दडे बसले. साहेबांच्या स्वतःच्या विहिरीवर दुसऱ्याच कंपनीचं इंजिन होतं.

"चालतं का ते?"

"भाऊ म्हणतो, कधीमधी बंद पडतं."

"म्हंजी पडतंच. काढून टाका ते. आमच्या जावयाचं घ्या."

"चांगलं असतं का?"

"मला इंजिनातलं काय बी कळत न्हाई. मला मानूस कळतो. धाकट्या लेकीच्या लग्नात ह्यो पंगतीत बसला हुता. कोन्तरी सांगत आलं, इंजिन बंद पडलंय, उभं पीक वाळतंय. भरल्या ताटावरनं उठून गेला. सांजच्याला आला तो कोपरापोत्तर काळा. कुनाला काय बोलला न्हाई, उरलंसुरलं खाल्लं. आसा मानूस ज्या इंजिनामागं उभा हाय, ते घ्याया काय हरकत हाय? ह्या ओसरीवर बसून तारखंला आलेल्या कोल्हारच्या चौघांना सांगितलं. चौघांनी घेतलं."

"त्यातला एक मी," भीमाभाऊजी पान तोंडात सारत म्हणाले. "हिच्या संगं कोर्टात भांडतोय मी. पर इंजिन हिच्या जावयाचंच हाय."

दाराआड राधाकृष्णाला काय करावं सुचेना. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि सासूबाई त्याला तोंडावर कधी 'बरे निघालात' असंही म्हणाल्या नव्हत्या. त्याने पुष्पावतीकडे बघितलं. ती डोळे पुसत होती, म्हणून त्याने दुसरीकडे बघितलं आणि तसाच ओसरीवर जाऊन उभा राहिला.

"साहेब, हा खर्च माझा नाही. माझ्या सासूबाईंचा आहे. पण चूक माझी. मीच तोंड वाजवलं होतं. पैसे मी भरतो."

'साहेब' हा शब्द ऐकून गोजरबाईंनी लसूण खाली ठेवला. राधाकृष्णाला वाटलं, आता त्या घाबरतील.

"तुमी कंपनीचं सायेब व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग तुमी तर पयलं घ्याया पायजे हुतं."

डुंबरे साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "राधाकृष्ण, कोल्हारहून चार ऑर्डरी आल्या, त्या तुम्ही न जाता कशा आल्या हे मला कळत नव्हतं."

"मला वाटलं, माझं नाव झालंय तिकडे."

"ते झालंच आहे," साहेब गोजरबाईंकडे बघत म्हणाले. त्यांनी बिल मागून घेतलं, 'विक्रीखर्च, मंजूर' असं लिहून खाली सही केली आणि आवाज उतरवला. "बाई, माझ्या विहिरीचं तेवढं पुण्यात कुठे बोलू नका."

"मी कशाला जाते पुन्याला? माजी तारीख नगरलाच आसती. तुमी इंजिन कदी नेताय ते सांगा."

"भावाला पाठवतो," साहेब म्हणाले.

मग सगळे जेवायला बसले. साहेबांनी आमटी तीनदा मागून घेतली. निघताना राधाकृष्ण त्यांना जीपपर्यंत सोडायला गेला. चालकाच्या शेजारी बसून साहेबांनी त्याला जवळ बोलावलं.

"बाईंच्या दाव्याचा निकाल कधी लागेल?"

"वकील म्हणतात, आता एक-दोन तारखांतच लागेल, साहेब."

डुंबरे साहेब गंभीर झाले. त्यांनी लॉजच्या ओसरीकडे बघितलं. तिथे गोजरबाईंनी नव्याच एका पागोटेवाल्याला बसवून घेतलं होतं.

"उद्याच्या उद्या त्या वकिलाला भेटा," साहेब म्हणाले. "म्हणावं, इतकी घाई बरी नाही."