सर्वसंमतीची चावी

नाशिकच्या अंबडजवळच्या ‘स्नेहबंध’ नावाच्या चार मजली इमारतीत, ऐन वैशाखात, तिसऱ्या मजल्यावरच्या बेसिनखालचा पाइप झिरपू लागला आणि ते पाणी दुसऱ्या मजल्यावर उतरू लागलं. घटना साधी. वरच्याचं पाणी खालच्याकडे जाणं हा निसर्गाचा नियम, आणि खालच्यानं जिना चढून वरच्याचं दार वाजवणं हा शहराचा. इथवर सगळं रीतीनं झालं.

दुसऱ्या मजल्यावर खुर्शीदाबी राहत आणि शिवणकाम करत. दोन खोल्यांत उजेडाची खिडकी एकच, म्हणून मशीनला जागाही एकच. आणि छतानं गळायला नेमकी तीच जागा निवडलेली. मशीनवर सध्या बाहेरचं काम नव्हतं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, रिदाचा, निकाहचा जोडा होता. लालभडक रेशीम, पांढरं अस्तर, काठाला जर. निकाह पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी. रेशीम असं की ओलं झालं की रंग सोडणार. कापडवाल्यानंच तसं बजावलेलं. साऱ्या नाशिकात जमिनीला भेगा पडलेल्या आणि पाऊस तेवढा एकट्या खुर्शीदाबींच्या मशीनवर. त्यांनी खिडकीच्या गजाला छत्री बांधली, जोडा तिच्या सावलीत सरकवला आणि त्या जिना चढल्या.

वरच्या दारावर पाटी होती. ‘नुसतं हॅलो म्हणू नये. काय ते आधी लिहावं. आपण सारे वेगवेगळ्या वेळांत जगतो. एकमेकांच्या वेळेचा आदर करू या.’ पाटीखाली मोबाइलनं वाचायचा काळापांढरा चौकोन.

या दारामागे संघर्ष पगारे राहत असे. पोटासाठी तो एका कंपनीचं काम घरून करी. जीव मात्र त्याचा ‘कोंबड्या’त होता. ‘कोंबडा’ हे एक खुलं, फुकट सॉफ्टवेअर. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून घडवलेलं. त्याला ना मालक, ना पगार. जगात या घडीला कोण जागं आहे, कोण निजलं आहे आणि कुणाच्या दाराशी आता पहाट होते आहे, हे ते सांगे. संघर्ष त्याचा मुख्य राखणदार. ऑस्लोची इन्ग्रिड मुलांना शाळेत सोडून कधी परतते, ब्राझीलमधल्या रेसिफेचा थियागो जेवून किती वेळ लवंडतो, न्यूझीलंडच्या ब्रॉनविनला शरदात उदास वाटतं तेव्हा तिच्याशी किती हळू बोलावं, सगळं त्याला पाठ. तीन खंडांत कुणाची झोप त्याच्या शब्दानं कधी चाळवली नव्हती. खालच्या मजल्यावर कोण राहतं, हे मात्र त्याला मशीनच्या आवाजापुरतंच ठाऊक. ते खातं बायकोकडे होतं, आणि बायको, तृप्ती, भावजयीच्या बाळंतपणाला मनमाडला गेलेली.

दार चार बोटं उघडलं.

“बेटा, तुमचं पाणी येतंय आमच्यात.”

“चाची, तोंडी नको. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. बाकीच्यांना कळत नाही.”

“बाकीचे कोण?”

“जग.”

“जगाला काय करायचंय रे? पाण्याची चावी तर तुझ्या बेसिनखाली आहे.”

“म्हणूनच तर,” संघर्ष कळवळून म्हणाला. “चावी माझ्या हाताशी आहे म्हणून निर्णयही मी एकट्यानंच घ्यायचा, ही हुकूमशाही झाली चाची. मी तसा माणूस नाही.”

आणि दार त्यानं इतक्या अदबीनं लावलं की आवाजसुद्धा झाला नाही.

खुर्शीदाबींनी सोसायटीच्या चेअरमनना गाठलं. ते म्हणाले, एका घरासाठी अख्ख्या इमारतीचं पाणी बंद करता येत नाही. शिवाय गळती ही वरच्या आणि खालच्या सभासदाची खासगी बाब आहे. तेव्हा रिदानं जाऊन पाटीवरचा चौकोन वाचला. मोबाइलवर ‘कोंबड्या’चा तक्रारफलक उघडला, कारण संघर्ष जगात फक्त तिथंच उत्तर देत असे. ठरलेला नमुना होता. रिदानं तो भरला.

अपेक्षित वर्तन: छत कोरडं असावं.

प्रत्यक्ष वर्तन: नाही.

आवृत्ती: दुसरा मजला.

उत्तरं तात्काळ आली. थियागोनं लिहिलं की हे वाचून त्याचं काळीज हललं. इन्ग्रिडनं विचारलं, हा दोष पुन्हा घडवून दाखवता येईल का? रिदानं लिहिलं की तो घडायचा थांबलेलाच नाही. संघर्षनं आपलं निरीक्षण नोंदवलं: ‘माझ्याकडे सगळं कोरडं आहे.’ मग त्यानं तक्रारीला चिठ्ठी लावली. ‘प्रकार: पाणी. बाधित वापरकर्ते: खालचे.’

आणि त्यानं रीतसर प्रस्ताव मांडला की चावी बंद करावी. प्रस्तावाला बहात्तर तासांची मुदत असते. पृथ्वी गोल आहे. कुणी झोपेत असताना त्याच्या माघारी निर्णय झाला, असं व्हायला नको. बहात्तर तासांत सारं जग तीनदा उठतं, तीनदा निजतं. तेवढ्यात कुणी हरकत घेतली नाही तर गप्प बसणं म्हणजे होकार. हरकत आली तर तिचं समाधान करायचं आणि मुदत पहिल्यापासून मोजायची. इतकी न्यायी रीत आजवर कुठल्या सरकारलाही सुचली नव्हती.

खाली छत्रीला भोक पडलं. खुर्शीदाबींनी दुसरी छत्री बांधली. थेंब पडे, टाका पडे; टाका पडे, थेंब पडे.

“अरे, खुर्शीदाचाचींचा फोन होता,” मनमाडहून तृप्ती म्हणाली. “बेसिनखाली वाकायचं, लाल चावी उजवीकडं फिरवायची. एवढंच आहे.”

“प्रस्ताव टाकलाय.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. अजून पन्नास तास आहेत.”

“संघर्ष, तू वाकणार आहेस की नाही?”

“तृप्ती, तुझ्या बोलण्यात घाई आहे. घाईत माणसं एकमेकांना दुखावतात.”

“मी इथं बाळाचे लंगोट धुतेय, मला शहाणपण शिकवू नकोस. बाळ रडलं की मी बहात्तर तास थांबते का?”

“बाळ म्हणजे तातडीची सेवा. तिला नियम वेगळा,” संघर्षनं समजावलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ही एकतर्फी कृती होती. पण बायको म्हणून त्यानं ती नोंदवली नाही.

मुदत संपायला तासभर उरलेला असताना वेलिंग्टनमध्ये ब्रॉनविन जागी झाली. तिचा प्रस्तावाला विरोध नव्हता. ‘गळती’ या शब्दाला होता. या शब्दात वरच्या मजल्यावर दोषारोप आहे, तिनं हळुवारपणे लिहिलं. पाणी कुणाचंच नसतं; ते फक्त प्रवास करतं. चर्चा झाली आणि फार सुंदर झाली. दोन दिवस कुणीही आवाज चढवला नाही. शेवटी ‘मजल्यांमधला जलसंवाद’ यावर एकमत झालं, आणि सुधारित प्रस्तावाची मुदत पुन्हा पहिल्या तासापासून सुरू झाली.

आता इन्ग्रिडच्या लक्षात आलं की ज्यांचं छत आहे त्यांनाच कुणी विचारलेलं नाही. हे बरं नव्हे. सर्वांनी एकदा समोरासमोर, म्हणजे पडद्यावर, भेटावं. सर्वांच्या सोयीची वेळ ‘कोंबडा’ काढील. खुर्शीदाबींनाही नाव नोंदवायला सांगण्यात आलं. यादीत नाशिक नव्हतं. भारताची वेळ तिथं कोलकात्याच्या नावानं होती.

“आपण कलकत्त्याला कधी गेलो गं?” खुर्शीदाबींनी विचारलं.

“अम्मी, बोट ठेव नुसतं.”

त्यांनी बोट ठेवलं. जागण्याची वेळ भरली: फजरपासून इशापर्यंत, म्हणजे पहाटेच्या नमाजापासून रात्रीच्या नमाजापर्यंत. संघर्षनं आपली केव्हाच भरलेली होती. तो अंगानं नाशिकमध्ये असला तरी मनानं रेसिफेच्या दुपारनंतरच्या वेळेत राहत असे. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला की ऑस्लो, रेसिफे, वेलिंग्टन आणि तिसरा मजला यांना सोयीची वेळ आहे. तिसरा मजला आणि दुसरा मजला यांना सामायिक वेळ उपलब्ध नाही.

रिदा तिरीमिरीत जिना चढली आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

“दादा, शुक्रवारी निकाह आहे माझा! जोड्याची एक बाही राहिलीय. अम्मी छत्रीखाली बसून शिवतेय!”

आतून कळफलकाचे आवाज येत होते. ते थांबले.

“रिदाताई, तुमच्या भावना मी समजू शकतो,” दारामागून आवाज आला. “पण थापा मारणं आपल्या आचारसंहितेत बसत नाही.”

“आणि दुसऱ्याच्या घरात पाणी सोडणं बसतं?”

“तो मुद्दा चांगला आहे. वेगळी तक्रार करा त्याची. एका तक्रारीत दोन विषय नकोत.”

रिदानं दाराला लाथ मारली. तिच्यावर सौम्य ताकीद नोंदवण्यात आली.

बुधवारी दुपारी, जगात कुणाचीही हरकत उरली नसताना, प्रस्ताव संमत झाला. अभिनंदनाचा पाऊस पडला. तो वरच्या वर पडला. खालचा चालूच होता. एकोणीस देशांतून हजारावर लाल बदाम जमले. चावी बंद करण्यात यावी, असं ठरलं. संघर्ष उठला. बाथरूमपर्यंत गेला. बेसिनसमोर उभा राहिला. लाल चावी त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती. वाकायचं तेवढं उरलं होतं.

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. थियागोनं कामाला बिल्ला लावला होता: ‘सोपं काम. नवागतांसाठी राखीव.’

खुल्या जगात ही फार जुनी, फार मायेची चाल आहे. सोपी कामं जुन्यांनी उरकू नयेत. नव्यानं येणाऱ्याला हात धरून आत घ्यायला ती ठेवून द्यावीत. संघर्षनं स्वतः या नियमावर एक लेख लिहिला होता. त्यानं हात मागं घेतला. काम लगेच उचललंही गेलं. रेसिफेच्या एका विद्यार्थ्यानं आनंदानं कळवलं की तो चावी फिरवायला तयार आहे. व्हिसासाठी अर्ज कुठं करायचा?

त्याला वाट सांगणारं पत्र संघर्ष लिहीत असतानाच बाथरूममधून आवाज आला. भिजून भिजून फुगलेली फरशी खचली आणि छताचा परातीएवढा तुकडा खाली गेला. खुर्शीदाबी जोड्यावर पालथ्या पडल्या. मशीनचा दांडा वाकला, पाठीला खरचटलं, केसांत चुना बसला. जोडा त्यांच्या पोटाखाली कोरडाच राहिला.

धूळ बसल्यावर संघर्षनं भगदाडातून वाकून पाहिलं. जे वाकणं आठवडाभर जमलं नव्हतं ते आता आपसूक जमलं. खाली एक बाई पांढऱ्या केसांनी वर बघत होती. तिच्या मागं भिंतीवर घड्याळ होतं. त्यात पावणेचार वाजले होते. त्यानं आपल्या मनगटावर पाहिलं. तिथंही पावणेचारच. खालच्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यावर एकच वेळ असते, याचं त्याला फार आश्चर्य वाटलं.

“सलाम, बेटा,” खुर्शीदाबी म्हणाल्या.

नुसतं सलाम म्हणू नये, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तोवर रिदा मशीनच्या टेबलावर स्टूल ठेवून चढली होती. तिनं भगदाडातून हात वर घातला, चाचपला आणि लाल चावी उजवीकडं फिरवली. थेंब थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की माळ्यावरचं कबूतर घुमलेलं ऐकू आलं. खुर्शीदाबींनी सुईत दोरा ओवला आणि जोडा मांडीवर पसरून बाही हातानं टाचायला घेतली.

संघर्षनं घडलेलं सगळं प्रामाणिकपणे कळवलं. आपोआप शुभेच्छा उमटल्या: ‘रिदा, तुमच्या पहिल्या योगदानाबद्दल अभिनंदन!’ पाठोपाठ ब्रॉनविन जागी झाली. तिनं खेदानं निदर्शनास आणलं की काम दुसऱ्याच्या नावावर होतं. नवागताचा हक्क डावलला गेला. कृतीची आगाऊ सूचना नव्हती. आणि कर्तीवर एक ताकीद आधीच आहे. कृती चांगली होती, याबद्दल वाद नाही. पण चांगली कृती वाईट रीतीनं झाली तर उद्या वाईट कृती चांगल्या रीतीनं होईल. सबब, पूर्वस्थिती आणावी आणि मग शांतपणे पुढे जावं.

पूर्वस्थिती आणायला मुदत लागत नाही. नियमच तसा आहे.

संघर्षचे डोळे भरून आले होते. तो दुष्ट माणूस नव्हता. तो बेसिनखाली वाकला. “चाची, मनाला लावून घेऊ नका हं,” तो भगदाडातून म्हणाला, आणि प्रक्रियेचा मान राखत त्यानं लाल चावी डावीकडं फिरवली.

फरशीबरोबर खिळखिळा झालेला पाइप निखळला, आणि पाणी या वेळी थेंबाथेंबानं आलं नाही. पांढऱ्या अस्तरात लाल रंग उतरला तो काठाच्या जरीपर्यंत. शुक्रवारी रिदा मालेगावच्या मामीच्या जुन्या जोड्यात निकाहला बसली. संघर्षला आमंत्रण होतं. पण खुर्शीदाबींनी ते तोंडी दिलेलं, म्हणून धरलं गेलं नाही. तो त्या दिवशी ‘दूरच्या माणसांशी मायेनं कसं बोलावं’ या विषयावर पडद्यावर बोलत होता. एकोणीस देश ऐकत होते. मागं पाण्याचा आवाज येत होता. अनेकांना तो फार शांतवणारा वाटला.

तुम्हाला संघर्षचा राग आला असेल. यायलाच हवा. आता ही गोष्ट तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर पाठवाल, खाली एक लाल बदामही टाकाल. टाकताना फक्त एक बघा. त्याच ग्रुपवर तुमच्या खालच्या मजल्यावरची बाईही आहे. तिचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. तिचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये ‘२०२ लीकेज’ म्हणून जतन केलेला आहे, आणि तिचा परवाचा मेसेज अजून न उघडता पडलेला आहे.