टोपलीची मालकी

१९८६ साली एका विलायती कंपनीने गडचिरोलीच्या जंगलात बांबूच्या टोपल्यांचा कारखाना काढण्याची तयारी दाखवली. अट एकच होती: इथे कुणी कुणाची नक्कल करता कामा नये. जिल्हा परकीय गुंतवणूक स्वागत समितीने अट बिनशर्त मान्य केली आणि नक्कल बंद पाडण्यासाठी निरीक्षक मुनघाटे यांना जीप देऊन जंगलात धाडले.

मुनघाटे ज्या गावात उतरले तिथे सगळ्या बाया एका झाडाखाली बसून एकसारख्या टोपल्या विणत होत्या.

"ही वीण मूळची कोणाची?" त्यांनी विचारले.

कुणालाच ठाऊक नव्हते. जीपला सर्वांत जवळ मंगली बसली होती, म्हणून मालकी मंगलीला देण्यात आली. इतरांनी तशी टोपली विणणे गुन्हा ठरला.

"मंग मी काय विणू?" मंगलीची मैत्रीण बुधरी म्हणाली.

"नवीन काहीतरी शोधा, बाई."

बुधरीने तळ नसलेली टोपली शोधली. त्या टोपलीला कायद्याचे संरक्षण लगेच मिळाले. गिऱ्हाईक मिळाले नाही.

मंगली काही दिवस ताठ मानेने वावरली. पण शेजारी बसून हात न्याहाळणे हीसुद्धा चोरीच, असा खुलासा समितीने केला आणि झाडाखाली ती एकटी उरली. बुधरी तोंड फिरवून जाऊ लागली.

"येत काऊन नाई?" मंगलीने तिला अडवले.

"तुह्या हाताकडं नजर गेली तं सायब धरून नेतीन मले."

एकटीने विणण्यात मंगलीचे मन लागेना. तिनेही विणणे सोडले.

मग कंपनीचा साहेब पाहणीला आला. गावात कुणीच कुणाचे पाहून काही करत नाही, हे बघून तो फार प्रसन्न झाला.

"आता आमच्या कामगारांना विणायला शिकवणार कोण?" त्याने विचारले.

"शिकवायला सक्त मनाई आहे, सर," मुनघाटे अभिमानाने म्हणाले.

कारखाना दुसऱ्या देशात गेला. तिथल्या बाया अजून एकमेकींचे पाहून विणत होत्या. 'नक्कल: शून्य' या कामगिरीबद्दल मुनघाटेंना बढती मिळाली.

पुढे मोहफुले गळू लागली आणि जुन्या टोपल्या झिजल्याने गावात वेचायला टोपली नव्हती. मंगली आणि बुधरी न बोलता बाजारात गेल्या. तिथे प्लास्टिकच्या टोपल्या आल्या होत्या आणि त्यांवर बांबूची वीण हुबेहूब उठवलेली होती.

"हे तं तुहीच वीण," बुधरी म्हणाली.

"माही कुठची? तुह्या सासूनं शिकवली होती मले."

दोघींनी अर्धे-अर्धे पैसे घालून एक टोपली घेतली आणि बोलत घरी आल्या.

तशीच एक आपल्याही स्वयंपाकघरात कांदे सांभाळत असेल. ती घेताना आपण कोणाची परवानगी घेतली होती, ते उलट टपाली कळवावे.